जोमा, राहणार कोपरी

जोमा गेल्याचं मला कळलं ते बाजारात, वांगी निवडताना. कोपरीची एक मीठवाली डोक्यावरची पाटी खाली न उतरवताच म्हणाली, "तात्या, तुमचा घोरेवाला गेला. काल दुपारी." हातातलं वांगं हातातच राहिलं. मी विचारलं, "आजारी होता का गं?" तर म्हणाली, "कसला आजारी! भाकर खाल्ली, घोऱ्याला गवत घातला, वट्यावर आरवा झाला तो झालाच." चार वाजता घोडा खिंकाळू लागला, कारण त्याच्या चंदीची, म्हणजे दाण्याची, ती वेळ, आणि जोमाने त्याला एवढ्या वर्षांत कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. घोडा थांबेना म्हणून बायको बाहेर आली, तेव्हा तिला समजलं... असं मरण मागून मिळत नाही. मी तशीच पिशवी घेऊन कोपरीला गेलो, पण तोवर सगळं आटोपलं होतं. आता महिना उलटून गेल्यावर हे लिहायला बसलो आहे, म्हणजे वरातीमागून घोडंच. पण जोमाला ते चाललं असतं. घाई त्याला माणसाची आवडत नसे आणि घोड्याची तर नाहीच.

या पुरवणीत थोरामोठ्यांवर लेख येतात. जोमा मिठागरातल्या माणसाचा मुलगा, स्वतः चाबुकस्वार, म्हणजे कोवळ्या नाहीतर बिथरलेल्या घोड्यांना फेरून चाल शिकवणारा. ठाण्याच्या प्रदर्शनात घोड्यांच्या चालीचं पहिलं बक्षीस ओळीने पाच वर्षं त्याने मिळवलं आणि पाचही वर्षं त्याचं नाव कोणाला कळलं नाही. ते न कळण्यात या लेखकाचा हात होता. तेव्हा मी नाही लिहायचं तर कोणी लिहायचं?

मी त्या काळी ठाण्यात एका रावसाहेबांकडे कारकून होतो. माणूस उमदा, पण आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हे. त्यांची गवताची कुरणं कल्याणपलीकडे मोहन्याला होती आणि ते गवत गाड्या भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. जोमा सुरुवातीला त्या गाड्यांवर होता. गवत उतरलं की बाकीचे गाडीवान सावली बघून आडवे व्हायचे, आणि हा जाऊन तबेल्याच्या कुंपणाशी उभा. अरबस्तानातून आलेले घोडे तिथे फेरले जायचे. कोण लगाम कसा धरतो, कोण कुठे चुकतो, हे तो तासन् तास बघत राही. दोन-तीन वर्षं नुसतं बघितलंन्. मग एके दिवशी रावसाहेबांची एक घोडी कोणालाच पाठीवर बसू देईना, तिने निगा राखणारे दोन मोतद्दार लोळवले, तेव्हा हा पुढे येऊन म्हणाला, "मी बघू काय?" सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू! त्याने घोडीला हातही लावला नाही. तासभर तिच्या शेजारी नुसता उभा राहिला, मग तिला घेऊन चालत कोपरीला गेला आणि महिन्याने तिच्यावर बसून परत आला. घोडी अशी चालत होती की रावसाहेब जेवणावरून उठून बाहेर आले.

त्या महिन्यात त्याने काय केलं हे बघायला मी एकदा मुद्दाम कोपरीला गेलो होतो. मिठागरात वाफ्यावाफ्यांमधून बांध असतात, जेमतेम दीड हात रुंद, दोन्हीकडे खारं पाणी. जोमाची शाळा ती. अशा बांधावर घोड्याला पाय बघून टाकावा लागतो, उधळायला जागाच नाही. जिथे दोन बांध मिळतात तिथे थोडी रुंदी, तेवढ्यातच मागच्या पायांवर तोल धरून पालटायचं, म्हणजे तोंड फिरवायचं. आणि समोरून डोक्यावर मिठाची पाटी घेतलेली बाई आली, तर वाट तिची. ओझं तिच्या डोक्यावर, तेव्हा मागे सरायचं ते घोड्याने, सरळ रेषेत, पाय न चुकवता. मोठमोठे साहेब काटेरी लगाम घालून घोड्याला मागे सरायला शिकवतात, ते याने मीठवाल्यांकडून शिकवून घेतलं. मी म्हटलं, "अरे, तू चाबुकस्वार ना? मग चाबूक कुठंय?" तर म्हणाला, "तात्या, तुमी पोरांना हिशेब शिकवतांव तेव्हा दौत फेकून मारतांव काय?" माझ्या शिकवण्या चालायच्या आणि मी एकदा दौत फेकली होती, हे त्याला ठाऊक होतं. लबाड होता. पण काय माणूस होता तो! त्याच्याजवळ नुसतं बसलं तरी माझ्यासारख्या चिडक्याचं डोकं थंड व्हायचं.

प्रदर्शन दर वर्षी माघात भरायचं. बैल, म्हशी, कोंबडे, आणि शेवटच्या दिवशी घोडे. घोड्याने सरळ रेषेत कदम चालायचं, झेंड्याशी जाऊन वर्तुळात दुडकी धरायची, आडवं सरायचं, जागच्या जागी पालटायचं, उभं राहायचं आणि मागे यायचं. परीक्षक लष्करातले साहेब. नावं मराठीत मोठ्याने वाचायला एक कारकून लागे, आणि रावसाहेबांच्या ओळखीने ते काम माझ्याकडे आलं. मी अर्ज भरायचो आणि मीच नावं वाचायचो. अर्जात रकाने किती? घोड्याचं नाव, रंग, उंची, मालकाचं नाव, राहणार. संपलं. वर बसतो तो कोण, हे विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही. मी खड्या आवाजात रावसाहेबांचं नाव वाचायचो, टाळ्या व्हायच्या, रावसाहेबांच्या खांद्यावर शेला पडायचा आणि जोमा मागे लगाम धरून उभा. घोड्याच्या गळ्यातही हार असायचा. जोमाच्या गळ्यात घाम.

पाचव्या वर्षी परतताना तो मला म्हणाला, "तात्या, एक इचारू? तुमी एवरा मोठ्यानी वाचतांव... एकदा माझा नाव वाचाल काय? आमचे कोपरीची मानसा येतान बघायला. माझा बापूस येतो. घरी जाऊन मना इचारतो, तू व्हतास त्यात?" तो हसत हसत बोलला होता, पण मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "रकाना नाही रे जोमा, मी तरी काय करू?" रकाना नव्हता हे खरं होतं. पण मला लाज वाटली तीही खरी होती. रावसाहेबांना एक शब्द विचारण्याची माझी छाती झाली नाही. आम्हा पांढरपेशांचं घोडं नेहमी तिथंच अडतं.

त्यानंतरच्या पावसाळ्याआधी रावसाहेबांनी मुंबईहून दलालामार्फत एक पांढरा अरबी घोडा मागवला. वय कोवळं, मान अशी की बघत राहावं. तबेल्यात आणला, सगळे खूश. रावसाहेबांच्या मातोश्री ओवाळायला आल्या. घोड्याच्या तोंडाशी ताम्हण नेलं आणि एकदम मागे सरल्या. घोड्याच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. आसूढाळ! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांवरून शुभाशुभ बघतात, आणि डोळ्याखाली जिथून आसू ओघळायचे तिथेच भोवरा असला तर तो घोडा मालकाला रडवतो म्हणतात. दलालाने पावडर लावून तो झाकला होता, ती वाटेत घामाने उतरली होती. कोणी म्हणालं, डाग देऊन भोवरा जाळून टाका आणि विकून मोकळे व्हा. जोमा तिथेच होता. तो म्हणाला, "जालू नका. डोल्याजवल हाय." मातोश्री म्हणाल्या, "मग तूच घेऊन जा बाबा, पण दिवस मावळायच्या आत माझ्या दारातून हलव. विकत नाही हो, दिला. पुन्हा मागायचो नाही आम्ही." रावसाहेबांनी मान डोलावली, आणि ज्या घोड्यासाठी जोमाने जन्मभर गवत वाहिलं असतं तरी तो त्याच्या वाट्याला आला नसता, तो असा त्याच्या हाती पडला.

मी घाबरलो. शिकलेला असलो म्हणून काय झालं, भोवऱ्याची भीती मलाही वाटायची. संध्याकाळी जोमाबरोबर कोपरीला गेलो, म्हटलं याची बायको काय म्हणते बघू, ती तरी याला आवरेल. चांगुणा दारात उभी होती, मिठागरातून नुकतीच आलेली, पायाला मीठ सुकलेलं. जोमाने तिला सगळं सांगितलं, भोवराही दाखवला. तिने घोड्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मालकाला ररवतो? खाऱ्या पान्यानी आमचे डोले रोजच ररतान. ह्यो अजून काय ररवनार?" आणि आतून पाण्याची बादली आणून त्याच्यापुढे ठेवली. मोठ्या घरातून आलेला आणि कामाला अजून हात न लावलेला, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं भावजी. साऱ्या कोपरीत तेच नाव झालं. पुढे अर्जावर मी ते लिहिलं तेव्हा साहेबाने त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, नात्यातलं नाव आहे.

आठ-नऊ महिने जोमाने भावजीला फेरला. पहाटे रावसाहेबांच्या घोड्यांचं काम, उन्हं कलली की भावजी. रावसाहेबांचे घोडे मैदानातही फिरायचे, पण भावजीला मैदान कुठलं? त्याला ठाऊक फक्त बांध. एकदा पाय चुकून तो वाफ्यात गेला, पोटापर्यंत चिखल झाला, आणि घाबरून जागचा हलेना. तेव्हा चांगुणा हातातलं लाकडी फावडं टाकून पाण्यात उतरली, त्याच्यापुढे चालत राहिली आणि म्हणाली, "ये, भावजी, ये. पाय टेकतो बग, मी हाय ना." तो तिच्या मागोमाग बाहेर आला. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत भावजी जोमाचं सुद्धा ऐकेना, चांगुणाचं ऐकायचा. जोमा म्हणे, "माझा घोरा नि भावजी तिचा!"

घोडामैदान जवळ आलं. जोमाला या वेळी स्वतःच्या घोड्यावर बसायचं होतं, कारण अर्जात मालकाचं नाव त्याचं असणार होतं आणि बक्षीस मिळालं तर ते वाचलं जाणार होतं. मिळालं तरच. न मिळालेल्यांची नावं कोण वाचतो? पण मग रावसाहेबांच्या घोड्यावर कोणी बसायचं? जोमा विचारायला आला, अंगणात उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या आयुष्यात मी धाडसं फारशी केलेली नाहीत. त्या दिवशी मात्र लेखणी ठेवून उठलो आणि म्हणालो, "रावसाहेब, पाच शेले आपल्याला त्यानं दिले. एक दिवस त्याला द्या." रावसाहेबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, गेली नोकरी. मग म्हणाले, "माझा घोडा तयार केलायस ना रे पुरता?" जोमा म्हणाला, "भावजीपेक्षा चांगला, सायेब." आणि ते खरंही होतं. हातचं राखून शिकवणं त्याला जमत नव्हतं. रावसाहेबांच्या घोड्यावर पलटणीतून परतलेला एक स्वार बसवायचं ठरलं.

प्रदर्शनाच्या दिवशी कोपरी गाव लोटला होता. जोमाचा म्हातारा बाप पुढे बसलेला, चांगुणा बायकांत. मी परीक्षकांच्या टेबलाशी. रावसाहेबांचा घोडा सुंदर चालला. मग भावजी आला. त्या वर्षी मैदानात घोड्यांसाठी चुन्याची पांढरी रेघ आखली होती, झेंड्यापर्यंत. भावजीने ती रेघ बघितली आणि तिच्यावर पाय ठेवला तो असा, की चारही खूर रेघेबाहेर जाईनात. परीक्षकांतला एक साहेब तर उठून उभा राहिला. मला कळेना की एवढी सरळ चाल आली कुठून. मग झेंड्याशी रेघ संपली आणि भावजीही तिथेच थांबला. जोमाने डावीकडे वळवायला मांडी दाबली. घोडा ढिम्म हलेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मीठ सुकलेला बांध असाच पांढरा दिसतो. भावजीच्या लेखी ती रेघ म्हणजे बांध, आणि मैदान म्हणजे पाणी!

लोक हसायला लागले. कोणी ओरडलं, "अरे, घोडा आहे का पुतळा!" जोमाने त्याला टाच मारली नाही, ओरडला नाही. तो नुसता वाकून मानेवर हात फिरवत राहिला. साहेबाने घड्याळ काढलं. जोमाच्या बापाने मान खाली घातली, ती मला टेबलापासून दिसली. पाच वर्षं दुसऱ्यासाठी जिंकलेला माणूस स्वतःच्या नावावर पहिल्यांदा उतरला होता, आणि एका चुन्याच्या रेघेपायी सगळं जाणार होतं... तेवढ्यात बायकांमधून चांगुणा उठली. पदर खोचला, दोरी ओलांडली आणि सरळ मैदानात गेली. भावजीच्या पुढे दहा पावलांवर, मोकळ्या गवतात, वाफ्यात उभी राहावी तशी उभी राहिली आणि पाय आपटून म्हणाली, "भावजी, ये! पाय टेकतो बग!"

भावजीने कान उभारले. एक पाय रेघेबाहेर टाकून चाचपला. मग दुसरा. आणि मग जो दुडकीत निघाला, तो तिच्याभोवती असं गोल वर्तुळ काढून आला की हसणारे गप्प झाले. पुढचं सगळं त्याने नीट केलं. जागच्या जागी पालटला, आडवा सरला आणि मागे तर असा आला की समोर सगळ्या कोपरीच्या मीठवाल्या पाट्या घेऊन उभ्या असाव्यात. परीक्षकांत वाद झाला. एक म्हणे, बाई आत आली, घोडा बाद. दुसरा म्हणे, बाईने आत येऊ नये असा नियम दाखवा. नियम कुठे होता? कोणाला सुचलाच नव्हता. त्या दिवशी तरी न सुचणं आमच्या कामी आलं.

माझ्या हाती यादी आली. पहिलं बक्षीस रावसाहेबांचं. दुसरं... मी नाव पुन्हा एकदा बघितलं. मग होता नव्हता तेवढा आवाज काढून वाचलं, "दुसरं बक्षीस, जोमा, राहणार कोपरी!" साहेबाने माझ्याकडे चमकून बघितलं, एवढा मी ओरडलो होतो. जोमा पुढे आला. शेला अंगावर पडल्यावर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याने तो काढून घोड्याच्या पाठीवर घातला. त्याचा बाप शेजारच्या माणसाला सांगत होता, "माझा पोर हाय तो." परतताना मी म्हटलं, "अरे, दुसरं आलं म्हणून वाईट नाही ना वाटलं?" तर हसून म्हणाला, "तात्या, पयला कोनी शिकवलेला? मीच माझे मागं ऱ्हायलो!"

पुढे बक्षिसं पुष्कळ मिळाली, पहिलीही. मी नोकरी सोडली तरी त्याचे अर्ज मीच भरायचो, आणि नावं वाचणारा नवा कारकून आवाज चोरतो म्हणून दर वर्षी चिडायचो. गेली दोन वर्षं गुडघे धरले, तसा जोमा बाहेर खुर्चीवर बसू लागला आणि घोड्यावर जावई. भोवऱ्याने त्याला रडवलं का? एकदा विचारलं होतं. म्हणाला, "ररलो ना. त्या दिवशी नाव ऐकला तेव्हा." सुखाने जगला. मला त्याची आठवण येते ती बहुतेक हसूच घेऊन येते, पण हे लिहिताना मधूनमधून चष्मा पुसावा लागतो आहे, तेही लपवत नाही.

चार दिवसांपूर्वी चांगुणा आली. यंदाच्या अर्जाची वेळ झाली होती. पायरीवर बसून म्हणाली, "तात्या, भावजीचा कागद लिवा. जावई बसनार हाय." मी लेखणी घेतली आणि मालकाच्या रकान्यापाशी थांबलो. तिने ते बघितलं. "त्यांचाच असू द्या," म्हणाली. मी म्हटलं, "बाई, गेलेल्या माणसाचं नाव चालत नाही. घोडा आता तुझा. तुझं नाव घालायला हवं." ती खाली बघून पदराचं टोक चुरगाळू लागली. मग म्हणाली, "माझा कशाला? मना कोन वलखतो? माझा नाव वाचून काय करनार?" मी तरीही लिहिलं आणि नेहमीच्या सवयीने मोठ्याने वाचून दाखवलं, "मालक, चांगुणा जोमा, राहणार कोपरी."

तिने एकदम वर बघितलं. नवऱ्याचं नाव तिने जन्मात कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि महिनाभर तिच्यासमोर ते कोणी उच्चारलंही नव्हतं. "त्यांचा नाव पन हाय त्यात?"

"असतंच गं. बाईच्या पुऱ्या नावात नवऱ्याचं नाव येतं."

"म्हंजे बक्षीस आला तं मैदानात वाचतील? मोठ्यानी? अवंदा पन?"

"वाचतील."

तिने डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं, आणि उठता उठता मला दटावून म्हणाली, "मग त्या वाचनाऱ्याला सांगून ठेवा तात्या, माझा नाव पटकन घे, नि पुरचा सावकास वाच."